शेजारचा बाक

ईश्वर सरवदेला जेवायला बोलावलंय हे गौसला कळलं ते कोथिंबिरीवरून. शनिवारी सकाळचा सराव आटोपून तो घरी आला, तर त्याची बायको कौसर कोथिंबिरीच्या जुड्यांचा ढीग पुढ्यात घेऊन निवडत बसली होती आणि मागच्या अंगणात मोठ्या शेगडीवर डाळ-मटणाचा दालचा रटरटत होता. नदाफांच्या घरात एवढा दालचा ईदेशिवाय शिजत नसे.

“कोण येतंय?” त्यानं विचारलं.

कौसरनं मान वर केली नाही. “अम्मींना विचारा.”

कमरबी भिंतीला टेकून लसूण सोलत होती. तिचं माहेर मोहोळजवळच्या खेड्यातलं. लग्न होऊन सोलापुरात आली त्याला जन्म लोटला, तरी जिभेवरून ते खेडं काही उतरलं नव्हतं. “ईश्वर येतुया,” ती लेकाला म्हणाली. “अन् त्याच्यासंगं सनाबी येतीया.”

“अम्मी, उद्या सामना आहे आमचा.”

“म्हाईत हाय की. म्हून तर आज बोलिवलं. उद्या दोगातला एक जण रुसून बसंल, मग जेवायला कोण यील?”

गौस आत गेला आणि नळाखाली डोकं धरून उभा राहिला. राज्य लीगची ढाल ठरवणारा शेवटचा सामना उद्या होता. त्याचा सीना क्लब आणि पुण्याचा मावळ क्लब, दोघांचे गुण सारखे. गोल मावळचे जास्त, त्यामुळे त्यांना बरोबरी पुरणार होती. गौसला जिंकायलाच हवं होतं. आणि मावळचा कोच होता ईश्वर.

दोघं एकाच मैदानावर वाढलेले. गौसचे अब्बा बंदेनवाज गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम होते आणि गिरणीच्या फुटबॉल संघाचे कोचही. गिरणी बंद पडली, मैदान राहिलं, आणि त्या मैदानावर अब्बांच्या शिट्टीवर धावणाऱ्या पोरांतून दोन व्यावसायिक कोच निघाले. एक त्यांचा मुलगा, दुसरा ईश्वर. ईश्वरची आई मुक्ताबाई आणि कमरबी विडी कारखान्यात शेजारी शेजारी बसायच्या, त्यामुळे ईश्वरचं अर्धं लहानपण याच घरात गेलं होतं. पुढं दोघांचे क्लब वेगळे झाले, गावं वेगळी झाली, आणि वर्षातून दोनदा ते एकमेकांच्या शेजारच्या बाकावर बसू लागले. ईश्वरच्या संघाचा एकही सामना गौसनं पाहायचा सोडला नव्हता. त्याची चाल ओळखता ओळखताच आपण शिकलो, हे तो मनात कबूल करायचा, बाहेर कधीच नाही.

हे सगळं चाललं असतं. पण यंदा पावसाळ्याच्या तोंडावर सना, त्याची एकुलती मुलगी, मावळ क्लबात ईश्वरची सहायक कोच म्हणून रुजू झाली. तेव्हापासून गौस फोनवर तिच्याशी फक्त जेवणाबद्दल आणि तब्येतीबद्दल बोलत होता.

*

ईश्वर आला तो हातात द्राक्षांची पेटी घेऊन. आधी अंगणात जाऊन डेगचीवरचं झाकण उचललं, वास घेतला, मग बाहेरच्या खोलीत येऊन बंदेनवाजांचा गुडघा धरला. “सर, बरं हाय का?”

“गुडघा सोड, दुखतो,” म्हातारा म्हणाला, पण खूश झाला.

मागून सना आली. अंगावर मावळचा हिरवा टी-शर्ट. गौसच्या डोळ्यांत तो रंग खुपलाच. तिनं सलाम केला, त्यानं मान हलवली. “जेवण वेळेवर करतेस ना?” त्यानं विचारलं. “हो, अब्बू,” ती म्हणाली. तिथंच ते संपलं.

दस्तरखान पसरला. भात, दालचा, कांदा, आणि ईश्वरसाठी खास कडक भाकरी नि शेंगाचटणी. दोघं कोच समोरासमोर बसले.

“तुझा डावा बॅक लंगडतोय म्हणे,” गौस म्हणाला.

“लंगडत न्हाय. तुझा माणूस बघायला आला होता ना आमच्या सरावाला, त्याच्यासाठी लंगडला.”

“मी कुणाला पाठवलं नव्हतं.”

“टोपी घालून बसला होता. ज्ञानू. तुझ्या क्लबात गोलकीपरांना शिकवतो. दोन सीझन माझ्याकडं होता की रे तो.”

बंदेनवाज हसता हसता खोकले. गौसलाही हसू आवरलं नाही. हे असंच व्हायचं. ईश्वर समोर नसला की त्याच्याबद्दल मनात किल्मिष साठायचं, आणि समोर आला की अर्ध्या घासात वितळायचं.

मग कौसरनं सनाच्या पानात भात वाढत म्हटलं, “आज राहतेस ना घरी? सकाळी जा.”

“संघाबरोबर हॉटेलातच राहावं लागतं, अम्मी. नियम आहे.”

“तिचं घर आता तिकडंच,” गौस बोलून गेला.

कौसरनं पातेलं खाली ठेवलं. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात ती पाहुण्यांदेखत नवऱ्याला कधी बोलली नव्हती. “तुम्ही घेतलं असतं तर गेली असती का ती? कोर्स पूर्ण करून पहिल्यांदा तुमच्याकडंच आली होती.”

“आणि लोकांनी काय म्हटलं असतं? नदाफांनी घरचीच माणसं भरलीत. मला ते नको होतं.” गौसचा आवाज चढला. “अब्बांनी मला कप्तान केलं नव्हतं. सगळ्यांत जास्त गोल माझे, आणि दंडाला पट्टी ईश्वरच्या. का? तर मी कोचचा मुलगा. मी गप्प बसलो ना? घरच्या माणसाला थोडं मागंच राहावं लागतं.”

“कोण म्हणालं तुला?” बंदेनवाजांनी विचारलं.

“काय?”

“तू माझा मुलगा म्हणून तुला कप्तान केलं नाही, असं कोण म्हणालं?”

गौस त्यांच्याकडं वळला. “कुणी म्हणायला कशाला हवं?”

“ईश्वर तुझ्यापेक्षा बरा कप्तान होता. म्हणून त्याला केलं.” म्हाताऱ्यानं भाकरीचा तुकडा मोडला. “तुझे पाय चांगले होते. पण हा बाकीच्या दहा जणांचे पाय चालवायचा. तू दुसऱ्या कुणाचा मुलगा असतास तरी पट्टी त्यालाच दिली असती. आणि तो बरा नसता, तर तू माझा मुलगा असतानाही तुलाच दिली असती. माणूस कुणाचा ते बघून संघ होत नाही, बेटा. तू ह्या पोरीला कुणाची ते बघून नाकारलंस. मग ईश्वरनं ती काय करते ते बघितलं.”

“सर, आता हे कशाला,” ईश्वर हळूच म्हणाला. त्याची नजर पानातच होती.

“तू जेव.”

एवढी वर्षं गौसनं ती गोष्ट पदकासारखी जपली होती. बापानं न्यायापायी आपल्याला डावललं, असं. आता कळत होतं की कुणी डावललंच नव्हतं, दुसरा फक्त जास्त लायक होता. त्याला राग यायला हवा होता. पण सनाकडं नजर गेली आणि तिथं जे दिसलं त्यानं तो थबकला. ती जिंकल्यासारखी दिसत नव्हती. अब्बूंना हे सगळ्यांसमोर ऐकावं लागलं, याचंच तिला वाईट वाटत होतं.

“वाड गं कौसर,” कमरबी म्हणाली. “भात गार व्हतुया. अन् गौस, तू ती चटनी हिकडं दे. कवाधरनं म्होरं घिऊन बसलाय.”

निघताना ईश्वर दारात चपला घालत म्हणाला, “तुझी लेक म्हणून घेतली न्हाय मी तिला. मुलाखतीला आली, अन् माझ्या संघाच्या चुका सांगायला लागली. पहिलीच चूक कोच, म्हणाली.”

“काय चूक?”

“पुढं असलो की घाबरून मागं सरकतो.”

“बरोबर आहे,” गौस म्हणाला. “मी तेच हेरून बसलोय.”

“म्हणून तर घेतली,” ईश्वर म्हणाला, आणि गेला.

*

रविवारी चार वाजता सामना सुरू झाला तेव्हा ऊन अजून डोळ्यांवर येत होतं. मैदान भरलं होतं. बंदेनवाज छपराखाली पहिल्या रांगेत बसले होते, शेजारी कौसर. कमरबीला पायऱ्या चढवत नव्हत्या, ती घरीच होती. दोन्ही बाक एकाच बाजूला, मधे टेबल टाकून चौथा रेफ्री बसलेला. गौसला मान जरा वळवली की सना दिसत होती.

विसाव्या मिनिटाला मावळला कॉर्नर मिळाला. सनानं उभं राहून उजवा हात कानापाशी नेला. सगळे उंच चेंडूची वाट बघत असताना त्यांच्या पोरानं चेंडू जमिनीलगत मागं दिला, आणि तिथं एकटाच उभा असलेला खेळाडू पळत येऊन मारून गेला. गोल. गौसनं आपल्या बचावपटूंवर ओरडायला तोंड उघडलं. पण त्याच क्षणी डोक्यातला कोच म्हणाला, किती सुंदर बसवलंय. आपण गेल्या सामन्यात, नागपूरला, प्रत्येक कॉर्नरला सगळे जण आत खेचले, ते हिनं पाहिलं होतं.

मध्यंतरानंतर सीनाकडून खेळणाऱ्या अक्कलकोटच्या निंगप्पानं लांबून मारलेला चेंडू खांबाला घासून आत गेला आणि बरोबरी झाली. मैदान उठून उभं राहिलं. पण बरोबरी मावळलाच पुरत होती. ईश्वरचा संघ मागं सरकला नाही, हेही गौसनं पाहिलं. पंधरा मिनिटं उरली तेव्हा त्यानं विरेशला उठवलं. विरेश त्याचा सगळ्यांत वेगवान फॉरवर्ड. पायाच्या दुखण्यामुळं त्याला एवढा वेळ राखून ठेवला होता. तो रेषेपाशी पळून अंग गरम करू लागला आणि प्रेक्षक त्याचं नाव घेऊ लागले.

गौसनं सहज शेजारी पाहिलं. सना विरेशकडं टक लावून बघत होती. मग ती बाकावरून उठली, पुन्हा बसली, पुन्हा उठली. ईश्वरजवळ जाऊन काहीतरी बोलली. ईश्वरनं तिला काहीतरी विचारलं, तिनं मान डोलावली. ईश्वर मैदानाकडं तोंड करून कमरेवर हात ठेवून उभा राहिला. बराच वेळ. खेळाकडं त्याचं लक्ष नव्हतं हे गौसला पाठीवरूनच कळलं.

मग तो टेबलाला वळसा घालून सरळ गौसपाशी आला.

“विरेशला आणू नको.”

“तुझ्या सांगण्यावरून?”

“त्याची चार पिवळी कार्डं झालीत. चार झाली की एक सामना बाहेर.”

“तीन. चौथं नागपूरचं. तो सामनाच धरला नाही. अर्ध्यात दिवे गेले, गुण वाटून दिले.”

“सामना धरला न्हाय, कार्ड धरतात.”

गौसनं त्याच्याकडं रोखून पाहिलं. “ईश्या, हा डाव आहे का तुझा? तो आला की तुमचा डावा बॅक संपला, म्हणून?”

“डाव असता तर गप्प बसलो असतो,” ईश्वर शांतपणे म्हणाला. “तो आत येऊन चेंडूला पाय लावेपर्यंत थांबायचं, अन् संध्याकाळी तक्रार द्यायची. सामना तीन-शून्यनं आमच्या नावावर. ढाल आमची.”

“कोण म्हणतं कार्ड धरतात म्हणून?”

“सना. मागं मुलींच्या संघाला शिकवत होती, तेव्हा तिला ह्याच नियमानं फटका बसलाय.”

गौसनं तिच्याकडं पाहिलं. ती मैदानाकडं बघत होती, हात मांड्यांखाली दाबून. लहानपणी खोटं न बोलता गप्प राहायचं असलं की ती अशीच बसायची. त्यानं चौथ्या रेफ्रीला विचारलं. त्यानं फोन लावला, ऐकलं, आणि मान हलवली. कार्ड धरतात.

आपण काय करायला निघालो होतो हे गौसच्या तेव्हा पुरतं ध्यानात आलं. जिंकलो असतो तरी ते रात्री काढून घेतलं असतं, गावासमोर. त्यानं विरेशला बसवलं. पोराचा चेहरा उतरला, प्रेक्षकांनी आरडाओरडा केला. आता बाकावर पुढं खेळणारं कुणी नव्हतं. होता तो सांगोल्याचा महिपती, उंच, जरा जड, कायम बचावात खेळलेला.

“मी पुढं, सर?” महिपतीनं विचारलं.

“गोलासमोर उभा राहा. हलू नको. ते तुला हलवायला बघतील.”

महिपती हलला नाही. अगदी शेवटी सीनाला थ्रो मिळाला, निंगप्पानं चेंडू लांबवर फेकला, चारपाच जण उडाले आणि चेंडू महिपतीच्या मान आणि खांद्याच्या मधे कुठंतरी आपटून जाळ्यात गेला. त्यालाच आधी कळलं नाही. दोन-एक. रेफ्रीची शिट्टी वाजली तेव्हा अख्खं सोलापूर मैदानात उतरल्यासारखं झालं.

*

पोरांनी गौसला उचललं, खाली ठेवलं, पुन्हा उचललं. सुटका झाल्यावर तो ईश्वरपाशी गेला. दोघांनी हात मिळवले.

“खांद्यानं मारला रे त्यानं,” ईश्वर म्हणाला.

“मारला ना पण.”

“मारला. चांगला उभा केलास त्याला. माझे दोघं त्यालाच धरून बसले.” त्याच्या आवाजात कडवटपणा नव्हता, फक्त थकवा होता.

तेवढ्यात मावळचे सचिव आले. गौस तिथं आहे याची त्यांनी फिकीर केली नाही. “सरवदे, ढाल हातात आली होती आपल्या. तुम्हाला हा शहाणपणा सांगितला कुणी?”

“मला खेळून जिंकायचं होतं, साहेब.”

“जिंकलात?”

“न्हाय.”

सचिव एकदा ईश्वरकडं, एकदा सनाकडं बघून म्हणाले, “पुण्यात बोलू,” आणि वळले. गौस पुढं व्हायला लागला तसा ईश्वरनं त्याचा दंड धरला. “राहू दे. माझा क्लब हाय, मी बघतो.”

“काढतील?”

“काय की. पुढचं वर्ष करारात हाय अजून. काढलं तर तुझ्या बाकावर जागा हाय का?”

“माझ्या हाताखाली करशील?”

“न्हाय.”

दोघं हसले. मग ईश्वर आपल्या पोरांकडं गेला, एकेकाच्या पाठीवर हात ठेवत. एक पोरगा रडत होता, त्याच्याजवळ तो खालीच बसला. गौस बघत राहिला. दहा जणांचे पाय, अब्बा म्हणाले होते.

सना सरावाचे चेंडू जाळीच्या पिशवीत भरत होती. गौसनं एक चेंडू पायानं तिच्याकडं ढकलला.

“मुबारक, अब्बू,” ती म्हणाली.

“तुला दिसलं ते मला का नाही सांगितलंस? मी दहा पावलांवर होतो.”

“मी त्यांच्या बाकावर होते. तुम्हाला सांगितलं असतं तर ती चोरी झाली असती.” तिनं पिशवीचं तोंड आवळलं. “मी माझ्या कोचला सांगितलं. पुढचं त्यांचं होतं.”

“आणि तो गप्प बसला असता तर?”

तिनं पिशवी खांद्यावर घेतली. “तर मीही गप्प बसले असते,” ती म्हणाली. “आणि उद्या राजीनामा दिला असता.”

गौसला तिच्या डोक्यावर हात ठेवावासा वाटला, पण भोवती तिचे खेळाडू होते आणि अंगावर तिच्या क्लबाचा टी-शर्ट होता. मग त्यानं हात पुढं केला, जसा कुठल्याही सामन्यानंतर समोरच्या कोचपुढं करतात तसा. सनानं तो हातात घेतला.

“तो कॉर्नर,” तो म्हणाला. “कुणी बसवला?”

“मी.”

“माझी झोप उडवणार आहे तो. पुढच्या वर्षीपर्यंत तोड काढतो.”

“काढा,” सना म्हणाली, आणि गेल्या कित्येक महिन्यांत पहिल्यांदा बापासमोर मोकळी हसली.

मावळची बस निघाली तेव्हा गौस फाटकाशी उभा होता. कौसरनं डबा भरून दिला होता, तो त्यानं खिडकीतून ईश्वरच्या हातात दिला. “पोरीला सांभाळ असं म्हणणार नव्हतो,” तो म्हणाला. “तीच तुला सांभाळतेय, असं दिसतंय.”

“ते जूनपासूनच चालू हाय,” ईश्वर म्हणाला, आणि बस हलली.

गौस अब्बांना आणि कौसरला घेऊन घरी आला तर गल्लीत फटाके वाजत होते. शेजारपाजारचे हार घेऊन उभे होते. सगळ्यांचं सगळं झाल्यावर तो आत कमरबीजवळ जाऊन बसला. तिनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला.

“जिकला न्हवं?”

“जिंकलो, अम्मी.”

“मग त्वांड असं का केलंय?”

“ईश्वर हरला ना,” गौस म्हणाला.

कमरबीनं त्याच्याकडं जरा निरखून पाहिलं. मग ती उठली, भिंतीचा आधार घेत स्वयंपाकघरात गेली, आणि त्याच्यासाठी चहा टाकला.